प, ब, म

शर्वरी ढवळे जन्मापासून बहिरी होती, पण ती खरी बहिरी झाली तेराव्या वर्षी, धाप्याची साथ ओसरली तेव्हा. हे वाक्य उलटं पडलंय असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. जिंतूरच्या बसस्टँडवर जाऊन विचारा, तिथले लोकही असंच सांगतील.

तिचा बाप मुंजाजी त्या स्टँडवर गाड्या पुकारायचा. काचेच्या खोलीत बसून, माईक तोंडाशी धरून. माईक ही नुसती रीत. मुंजाजीनं ‘औंढा, हिंगोली, फलाट दोन’ म्हटलं की पंचवीस मैलांवर औंढ्यातली माणसं पिशव्या आवरायला लागायची. एकदा येलदरीच्या धरणाचं पाणी त्याच्या आवाजानं हललं आणि मासे काठावर येऊन रांगेत उभे राहिले, असंही सांगतात. यातलं बारा आणे सोडून दिलं तरी आवाज मोठा होता, एवढं उरतंच.

असा आवाज घराच्या उंबऱ्यात मात्र संपायचा. पोरीच्या दोन्ही कानांतून मेंदूकडे जाणारी नसच तयार झाली नव्हती. डॉक्टर म्हणाले, “ज्या घरात वायरिंगच नाही, तिथं दिवा कितीही भारी आणला तरी लागणार कसा?” कानात यंत्र बसवायची वाट तिथंच बंद झाली.

शर्वरी तीन वर्षांची होती तेव्हा धाप्या आला. बसल्या जागी माणसाला चार जिने चढल्यासारखी धाप लागायची म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. शास्त्रीय नाव एवढं लांब होतं की ते सांगून होईपर्यंत रोगी निळा पडायचा. शर्वरीची आई द्वारका आठ दिवसांत गेली. मुंजाजी वाचला, पण धाप्यानं त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी करून टाकली. बोलताना त्याचं तोंड उजवीकडे पळायचं, आणि वरून झुपकेदार मिशी. आवाज मात्र तसाच राहिला.

जग जाड मुखपट्ट्या बांधून हिंडायला लागलं, आणि मग एक गंमत ध्यानात आली. माणूस कानानं ऐकतो हे अर्धंच खरं. गलक्यात आपले डोळे समोरच्याच्या ओठांवरून शब्द उचलून गुपचूप कानाला पुरवत असतात. ओठ झाकले गेले आणि सगळा देश ‘काय?’, ‘आँ?’, ‘पुन्हा बोला’ करायला लागला. दवाखान्यात गोळ्या चुकल्या. मंठ्याला एका लग्नात नवरदेव भलत्याच मुलीशेजारी जाऊन उभा राहिला.

यावर उपाय निघाला तो तीन वर्षांनी, ‘बोलकी’. दिसायला साधी मुखपट्टी. आतून केसाहून पातळ संवेदकांचं जाळं. ते गालाचे स्नायू, जबड्याची हालचाल, श्वासाचा दाब टिपायचं. गळ्याला टेकणारी एक पट्टी कंपनं मोजायची. या सगळ्यावरून आतली चिप डोळ्याचं पातं लवायच्या आत शब्द ओळखायची आणि पट्टीच्या बाहेरच्या बाजूवर, कापडासारख्या मऊ पडद्यावर, बोलणारे ओठ काढायची. ओठ सगळ्यांना एकच. कंपनीनं हजारो चेहऱ्यांची सरासरी काढून एक जोडी ठरवली होती. तलाठ्याला, भाजीवालीला, कीर्तनकाराला, सगळ्यांना तेच सुबक ओठ, तेच पांढरेशुभ्र दात.

खरी करामत पुढंच आहे. आरशासमोर उभं राहून आवाज न करता म्हणून बघा: पाय, बाय, माय. तिन्ही वेळा ओठ तसेच मिटतात आणि तसेच उघडतात. फरक असतो तो आत. ‘ब’ला गळा थरथरतो, ‘म’ला नाक घुमतं. ‘क’ आणि ‘ग’ तर ओठांपर्यंत येतच नाहीत. त्यामुळे ओठ वाचणाऱ्या बहिऱ्या माणसाला निम्मं दिसतं आणि निम्मं अंदाजानं भरावं लागतं. बोलकीत त्याची सोय होती. ‘ब’ आला की ओठ जरा गुलाबी व्हायचे, ‘म’ आला की पट्टीवर नाकाशी बारीक उजेड पडायचा, गळ्यातली अक्षरं आली की हनुवटीखाली एक ठिपका उमटायचा. ऐकणाऱ्यांच्या हे लक्षातही आलं नाही. सहा वर्षांच्या शर्वरीच्या पंधरा दिवसांत लक्षात आलं.

पुढची सात वर्षं ती बहिरी नव्हती. साध्या शाळेत गेली, वर्गात तिसरी आली. दुकानदाराशी हुज्जत घातली. रस्त्याच्या पलीकडच्या बायकांच्या चुगल्या वाचून बापाला आणून सांगितल्या. तिचा स्वतःचा उच्चार नाकातून यायचा, पण मुंजाजीला तो सूर्यप्रकाशासारखा लख्ख कळायचा. घरात बोलकीला तिनं नाव ठेवलं होतं ‘तोंड’. बाप जेवायला बसताना तोंड काढायचा आणि मुकाट्यानं जेवायचा. शेवटचा घास गिळला की ती पाण्याचा तांब्या ठेवायची आणि म्हणायची, “तोंड घाला आता. आज कोणती गाडी फसली?”

मग तो सांगायचा. सेलूच्या गाडीत बकरं शिरून ड्रायव्हरच्या सीटवर कसं बसलं, ड्रायव्हरापेक्षा बरं कसं चालवत होतं. ती हसून हसून आडवी व्हायची. पोरीला झोप यायला लागली की तो म्हणायचा, “नीज माय.” रोज, सात वर्षं.

मग लस चांगली निघाली, धाप्या थकला, आणि एका फेब्रुवारीत जाहीर झालं की मुखपट्टी आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जिंतूरनं चौकात बोलक्यांचा ढीग केला. न्हाव्याकडं मिशा कोरायला रांग लागली. नवरा-बायको एकमेकांची खरी तोंडं नव्यानं बघून काही ठिकाणी खूश झाले, काही ठिकाणी नाही.

शर्वरी शाळेत गेली आणि दुपारीच परत आली. दप्तर टाकून बसली. “सगळे बडबडतात,” ती म्हणाली, “आणि कुणीच काही बोलत नाही.”

मुंजाजीनं आपली बोलकी उतरवली नाही.

“मुंज्या, काढ की आता ते फडकं,” परभणी गाडीचा कंडक्टर लिंबाजी स्टँडवर म्हणाला. “साथ गेली. का नवरीवानी लाजायलास?”

“मी तुह्यावानी देखणा नाही ना.”

“देखणेपणाचं सोड. पब्लिक मला विचारायलंय, पुकारणाऱ्याला पुन्हा धाप्या झालाय का? दोन म्हाताऱ्या घाबरून माघारी गेल्या.”

मुंजाजी काचेतून बाहेर बघत राहिला. “एकच तोंड उरलंय लिंबाजी तिला. ते बी काढू?”

लिंबाजीनं तिकिटांचं यंत्र उगाचच दोनदा उघडलं, मिटलं आणि गाडीकडं गेला.

मार्चमध्ये तस्नीम मॅडम घरी आल्या. कानानं अधू मुलांना शिकवणाऱ्या त्या बाई तालुक्यात एकट्याच. त्यांनी शर्वरीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या एका निवासी शाळेत जागा मिळवली होती, जूनपासून. तिथं खुणांची भाषा होती, पुढचं शिक्षण होतं, तिच्यासारख्या दीडशे मुली होत्या.

“पण मुंजाजीभाऊ, तिथं कुणी बोलकी घालत नाही,” मॅडम म्हणाल्या. “बाजारात, बँकेत, दवाखान्यात, कुठंच नाही. उघडे ओठ वाचायला तिनं आत्ताच शिकायला पाहिजे. ते शिकवायला रोजचं, ओळखीचं तोंड लागतं. तुम्ही काढा ही.”

“माहं तोंड बघितलंत का तुम्ही? हे कोण वाचंल? मला स्वतःला आरशात वाचता येत नाही.”

“तुमचं वाचता आलं तर जगात कुणाचंही येईल.”

मुंजाजी हसला. पडद्यावरचे सुबक ओठही हसले. मॅडमनी त्या ओठांकडे जरा वेळ बघितलं आणि मोबाईल काढला. “तिच्याशी रोज बोलता तसं दोन वाक्यं बोला. बघू.”

शर्वरी परसात कपडे वाळत घालत होती. मुंजाजीनं हात हलवून तिला बोलावलं आणि म्हणाला, “माय, जेवलीस का? कामून अशी रुसून बसायलीस?”

ती ‘जेवले’ म्हणाली, बादली उचलून परत गेली. मॅडमनी चित्रफीत हळू करून मुंजाजीपुढं धरली. स्वतःची बोलकी बोलताना कशी दिसते, हे सात वर्षांत त्यानं पहिल्यांदाच बघितलं. घालणाऱ्याला ती दिसत नसतेच.

“हे बघा. पहिला शब्द. नाकाशी उजेड नाही, म्हणजे ‘म’ नाही. ओठ गुलाबी झालेत. ‘ब’. शेवटी जीभ वर वळलीय. ‘ळ’.” मॅडमनी बोट थांबवलं. “बाळ. ‘बाळ, जेवलीस का? अशी का रुसून बसली आहेस?’ असं दिसलं तिला.”

“मी बाळ म्हणलोच नाही.”

“तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं. कंपनीनं हिला छापील मराठी शिकवलीय. ‘कामून’चं ‘का’ करते, ‘बसायलीस’चं ‘बसली आहेस’ करते. शिव्या गाळते. आणि ‘माय’ म्हणजे आई, एवढंच तिला ठाऊक. बाप लेकीला माय म्हणतो हे तिच्या डोक्यात बसलं नाही. चुकून म्हणाला असेल असं समजून ती दुरुस्त करत आली.”

मुंजाजीनं ती चित्रफीत आणखी चारदा बघितली. शेवटी म्हणाला, “आमच्यात बाळ म्हणजे पाळण्यातलं हो, मॅडम. मी कुणालाच कधी बाळ म्हणलो नाही.”

बोलकी ठेवावी तर जूनमध्ये पोर शंभर मैलांवर जाणार, जगातलं एकच तोंड वाचता येणारी, आणि तेही बापाचं नव्हे. काढावी तर आत्ता, या घरात, ती सात वर्षांची बडबड बंद. त्यानं सगळ्या बाजूंनी विचार केला आणि प्रत्येक बाजूनं पोर त्याच्यापासून लांबच जाताना दिसली.

सोमवारी जेवण झालं. शर्वरीनं तांब्या ठेवला. “तोंड घाला.”

मुंजाजीनं बोलकी घडी करून द्वारकेच्या लोखंडी पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग तिच्यासमोर उजेडात बसला आणि उघड्या तोंडानं सावकाश म्हणाला, “आता असंच बोलायचं, माय.”

ती त्या तोंडाकडं बघत राहिली. खाणारं तोंड म्हणून तिला ते ठाऊक होतं. ते बोलताना तिनं बघितलंच नव्हतं. ते मिशीआड हललं, उजवीकडे पळालं आणि थांबलं.

“तोंड घाला, बाबा.”

त्यानं मान हलवली.

“तोंड घाला! हे तुमचं नाही!”

त्यानंतर ती उठून भांडी घासायला गेली. मुंजाजीनं दुसऱ्या दिवशी सकाळी मिशी काढून टाकली. वीस वर्षांची मिशी. स्टँडवर कुणी त्याला ओळखेना, आणि घरीही उपयोग झाला नाही.

मॅडम येऊन रीत शिकवून गेल्या. समोरच्याच्या गळ्याला तळहात लावायचा, थरथरला तर ‘ब’. नाकाच्या बाजूला बोट टेकायचं, घुमलं तर ‘म’. काहीच नाही तर ‘प’. लहान मुलांना असंच शिकवतात. शर्वरीनं मॅडमच्या नाकाला बोट लावलं, पण बापाच्या चेहऱ्याकडे तिचा हात काही गेला नाही. “मी लहान नाहीये,” एवढंच म्हणाली. त्या लुळ्या गालाकडं तिची नजर जायची आणि मागं फिरायची. मुंजाजीला ते दिसायचं. त्यानं जबरदस्ती केली नाही.

एप्रिल सरला. वहीवर लिहून कामापुरतं चालायचं. ‘दूध आण’, ‘गॅस संपला’, ‘उद्या मॅडम येणार’. वहीवर सेलूच्या गाडीतलं बकरं काही चढेना. लिहून दाखवलं तेव्हा तिनं वाचून नुसती मान डोलावली. तरी तो बोलत राहिला, मॅडमनी सांगितलं होतं म्हणून, आणि जिभेची सवय जात नव्हती म्हणून. जेव माय. ये माय. नीज माय. पोर ओठांकडं बघायची, कपाळाला आठी घालायची, मग खाली बघायची.

खाली म्हणजे कुठं, हे मेच्या शेवटी कळलं.

त्या दिवशी तो संध्याकाळी कामावरून येऊन खुर्चीत बसला. “दमलो गं माय आज,” म्हणाला. शर्वरीनं नीट बघितलं, काहीतरी नक्की ठरवल्यासारखी मान हलवली आणि आत गेली. आली ती घमेल्यात गरम पाणी घेऊन. मीठ टाकलेलं. खांद्यावर पंचा, काखेत तिळाच्या तेलाची बाटली. खाली बसली, बापाची चप्पल काढली आणि त्याचा पाय धरून पाण्यात ठेवला.

“अगं, काय करायलीस?” मुंजाजीनं पाय ओढला. पाणी सांडलं.

“किती दिवस सांगताय,” ती तिच्या नाकातल्या आवाजात म्हणाली. “जेवताना पाय. झोपताना पाय. रोज पाय, पाय, पाय. आधी वाटलं माझ्या पायाला काही झालंय. रोज धुऊन बघितले. मग कळलं, तुमचे दुखतात. डॉक्टरकडं का जात नाही?”

मुंजाजी तसाच बसला. एक पाय घमेल्यात, एक बाहेर. हसू आलं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि हसू काही बाहेर आलं नाही. दोन महिने ही पोर त्याच्या पायाची काळजी करत होती.

तो खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसला. तिचा हात धरला. तिनं तो मागं घेतला. त्यानं पुन्हा धरला, अगदी हलका, आणि तिचं बोट आपल्या नाकाच्या बाजूला, लुळ्या गालापाशी नेऊन टेकवलं. ज्या आवाजानं येलदरीचं पाणी हललं म्हणतात तो सगळा आवाज त्यानं नाकात कोंडला.

“मा–य.”

तिचं बोट थरथरलं. तिनं ते काढलं, बघितलं, आणि आपण होऊन पुन्हा टेकवलं.

“मा–य.”

“पाय नाही,” ती म्हणाली. “म. माय.” आणि मग घराच्या भिंतीवरच्या द्वारकेच्या फोटोकडं बघून, “माय तर मेली, बाबा.”

त्यानं मान हलवली. तिच्या छातीवर बोट ठेवलं. “माय. तू.”

“मला माय म्हणता? आजपासून?”

त्यानं वही ओढली. पाण्यानं भिजलेल्या पानावर लिहिलं, ‘पहिल्यापासून. दुसरं काही म्हणलो नाही.’

शर्वरीनं ते वाचलं. बराच वेळ वाचलं, ओळ तर एकच होती. “बाळ?” तिनं विचारलं. त्यानं नाही म्हटलं. “बाळ कुणी म्हणलं मग?” त्यानं पेटीकडं बोट दाखवलं.

ती रडली ती त्यानंतर. मुंजाजीला वाटलं आनंदानं. पण ती हुंदके आवरत म्हणाली, “मग बकरं? बकऱ्याची गोष्ट कुणी सांगितली? आणि आई गेली ते मला नीट सांगितलं होतं, ते? त्यातलं तुमचं किती होतं?”

याचा हिशेब कंपनीकडंही नसावा. तो आपला बसून राहिला, गाल तिच्या बोटाला देऊन.

या एका शब्दामुळं पुढं सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. उरलेल्या बारा-पंधरा दिवसांत शर्वरीला बापाच्या तोंडातलं शंभरातलं पंधरा-वीस कळायला लागलं. मॅडम म्हणाल्या, छान आहे. छान असेलही. जेवणानंतरच्या गप्पा परत आल्या नाहीत. संध्याकाळी ती समोर बसायची, नाकाला बोट लावायची, दोन-तीन शब्द ओळखायची आणि दमून जायची. एकदा तिनं स्वतःच विचारलं, “एकदाच घालता? थोडा वेळ?” त्यानं किल्ली काढून तिच्या हातात दिली. ती पेटीपर्यंत गेली, उभी राहिली, आणि किल्ली परत आणून दिली.

जूनच्या बारा तारखेला सकाळी फलाट तीनवर संभाजीनगरची गाडी लागली. तस्नीम मॅडम सोबत जाणार होत्या. मुंजाजीची ड्यूटी होती. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती; त्यानं मागितली नाही. त्यानं तिची ट्रंक वर चढवली, तिला खिडकीशी बसवलं आणि पळत काचेच्या खोलीत गेला. तिथून ती खिडकी समोरच दिसायची, वीस पावलांवर.

त्यानं दिवा लावला, माईक बाजूला सारला आणि काचेच्या अगदी जवळ उभा राहिला.

“जिंतूर, मंठा, जालना, छत्रपती संभाजीनगर. फलाट तीन. गाडी सुटत आहे.”

शर्वरी बघत होती. कपाळाला आठी होती. गावांच्या नावांतलं तिला काय मिळालं, काय नाही, कोण जाणे.

मग स्टँडभर, माईकशिवाय, एक शब्द घुमला. फलाटावरच्या पाच-सहा म्हाताऱ्यांनी गाठोड्यांवरून माना वर केल्या. एकीनं तर तिथूनच विचारलं, “काय रं लेका?”

गाडी हलली. खिडकीतल्या मुलीनं उजव्या हाताचं बोट उचललं आणि स्वतःच्या नाकाच्या बाजूला टेकवलं. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते तिथंच होतं.